खडू पुसण्याआधी

दोन विहिणी एका टेबलाशी बसल्या की तिसऱ्याने तिथून काढता पाय घ्यावा, असं शहाणी माणसं सांगतात. मी शहाणा नसल्यामुळे त्यांच्या शेजारच्या टेबलाशी उभा राहून निम्मं आयुष्य काढलं. लोकरीचं कापड विणणाऱ्या गिरणीत मी घड्या घालायचो. हातांना काम आणि कानांना सुट्टी, अशी ती नोकरी. माझ्या कानांनी मात्र सुट्टीतही कधी आराम केला नाही.

ही गोष्ट त्या दोघींपैकी एकीची. गिरणीत तिला सगळे रफूमावशी म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठे असलेले मुकादमसुद्धा. बारीक अंगाची, चष्मा नाकाच्या टोकावर आणि तोंडात कायम एखादा धागा. बोलायला लागली की आधी तो धागा काढून कानामागे ठेवायची, मग भांडायची. भांडण संपलं की धागा पुन्हा तोंडात.

तिचं काम समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. कापड विणताना कुठे धागा तुटतो, कुठे गाठ येते, कुठे आडवा धागा चुकून उडी मारून पुढे जातो. तपासणारा ते कापड उजेडासमोर धरतो आणि दोष दिसेल तिथे खडूची खूण करतो. मग तागा येतो रफूच्या टेबलावर. मावशी त्याच कापडाच्या टोकातून एक धागा ओढून घ्यायची, सुईत ओवायची आणि तुटलेल्या जागी एका धाग्याखालून, एका धाग्यावरून असा विणत न्यायची की माग स्वतः लाजावा. झालं की ओल्या फडक्याने खडू पुसायची. खडू पुसला की खेळ खलास. दोष गेला, खूण गेली आणि मावशीची मेहनतही त्याच्याबरोबर गेली. घरकाम सोडलं तर असं दुसरं काम मला माहीत नाही, जे चांगलं झालं की झाल्यासारखं दिसतच नाही.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तिची विहीण. अंगाने आडवी, आवाजाने उभी. या दोघी आधी जिवलग मैत्रिणी होत्या, एका ताटात जेवणाऱ्या. "अगं ए, कात्री दे" असं बोलायच्या. मग काय झालं, एकीची लेक आणि दुसरीचा लेक आपापल्या आईला न्यायला गेटवर यायला लागले आणि येता येता एकमेकांनाच न्यायला लागले. लग्न झालं. दुसऱ्या दिवशीपासून टेबलावर "अहो विहीणबाई, कात्री देता का?" सुरू झालं. लग्नाने दोन घरं जोडली आणि ते टेबल मधोमध चिरलं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. त्यावर दोघी मिळून माझ्या अंगावर आल्या. तेवढ्यापुरती त्यांची एकी झाली.

विहीणबाईंची एक खोड होती. मावशीने खडू पुसला की त्या उठून यायच्या, डोळे मिटायच्या आणि तर्जनी त्या कापडावरून फिरवायच्या. जादूगार फिरवतो तशी. बोट कुठेतरी थांबायचं.

"इथे जरा खरखरतंय हं, विहीणबाई."

"तुमचं बोट खरखरत असेल. भांडी कमी घासा."

"तुमची लेक घासायला लागली की करते कमी."

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण विहीणबाई जागेवर गेल्या की ती हळूच ती जागा चिमट्याने उसवायची आणि पुन्हा विणायची. हे रोजचं.

असं बरं चाललेलं असताना गिरणीत नवे माग आले. या मागांना म्हणे डोळे होते. धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा आणि लाल दिवा लावून बसायचा, जणू रुसलाय. दोष व्हायच्या आधीच पकडला जाऊ लागला. आधी जुन्या मागांवरची माणसं घरी गेली. त्यांत मावशीचा नवराही होता, माझा जुना दोस्त. मग दोषच कमी झाल्यावर रफूच्या टेबलावर येणारे तागे आटायला लागले. आणि एका सकाळी साहेब आले.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी कबूल करतो. वाईट असता तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती. तो उभा राहिला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "दोघींना काम पुरणार नाही. एकच जागा ठेवता येईल. महिनाअखेरीस सांगतो."

एवढं बोलून गेला. टेबलाच्या एका बाजूला एक विहीण, दुसऱ्या बाजूला दुसरी आणि मधे एक खुर्ची, जी कुणालाच दिसत नव्हती आणि दोघींनाही दिसत होती.

त्या दिवसापासून त्या टेबलावरची गंमत गेली. टोमणेसुद्धा मोजून मापून. विहीणबाईंचं धोरण सरळ होतं. "काढायचं असेल त्याला काढतील. आधीपासून मढ्यासारखं तोंड करून कशाला बसायचं?" त्या आपल्या वेगाने, आपल्या पद्धतीने, नेहमीसारखं काम करायच्या. बोट फिरवायला मात्र येईनाशा झाल्या. कोण जाणे, त्यांनाही वाटलं असेल की आता खोड काढली तर ती साहेबाला दाखवल्यासारखी होईल.

मावशीचं उलटं. घरी नवरा बसलेला. तो वाईट बोलायचा नाही, हीच पंचाईत. संध्याकाळी ती घरी आली की तो दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा असायचा, आणि त्या तांब्याकडे बघून तिला धडकी भरायची. त्यानेच मला सांगितलं. म्हणाला, "माझी नोकरी गेली तेव्हा ही मला म्हणाली होती, काम म्हणजे काही जीव नव्हे. आता मी तेच तिला म्हणालो, तर तांब्या फेकून मारला."

लेक रविवारी माहेरी यायची, ती वेगळाच सूर लावायची. "आई, तिकडे सासूबाई तुझं नाव काढत नाहीत, इकडे तू त्यांचं काढत नाहीस. कुणी का राहीना, दोन घरांपैकी एका घरात जेवताना कुणी बोलणार नाही. आणि मी दोन्हीकडे जेवते."

"मग एकीकडेच जेव," मावशी म्हणाली.

"कुठे ते सांग."

यावर मावशीने धागा तोंडात धरला.

आता काम नसलं की माणूस काय करतो? आपण डुलक्या काढू. मावशीच्या हाताला मात्र कामाची खाज सुटली. साहेब हात मागे बांधून खात्यातून फेरी मारायचा. तो येताना दिसला की तिची सुई चालू झालीच पाहिजे, मग सुईत धागा असो वा नसो. नुसती सुई कापडातून आतबाहेर करताना मी तिला पाहिलंय. पाहून हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. वॉचमनच्या कोटाचं कोपर तिने रफू केलं. कॅन्टीनच्या पडद्याचं भोक बुजवलं. माझ्या टेबलावरच्या जाड आच्छादनाची कड शिवली. मी एकदा टोपी विसरून गेलो, तर सकाळी टोपीचं भोक गायब. त्या भोकातून मला वारा लागायचा हो! माग खात्यातली पोरं तिला चिडवायची, "मावशी, आता हवेला रफू करा."

"तुझ्या तोंडापासून सुरुवात करते," ती म्हणायची. पण हसायची नाही.

आणि अशा वेळी तिच्या टेबलावर ते कापड आलं.

गडद निळसर राखाडी, अंगाला मऊ. साहेब स्वतः घेऊन आला. विहीणबाई तेव्हा चहाला गेल्या होत्या. साहेबाला कुणाचा तरी फोन चालू होता. कानाला फोन लावूनच त्याने मावशीला सांगितलं, "नमुन्याचं आहे. नुसती नजर टाका आणि पुढे पाठवा." आणि गेला.

मावशीने नजर टाकली. कापडावर खडूची एकही खूण नव्हती. तिने ते खिडकीसमोर उजेडात धरलं आणि चष्मा नाकावर वर सरकवला. इथे आडवा धागा बोटभर गायब होऊन पुन्हा हजर. तिथे तसंच. पुढे तीन बोटांवर तसंच. मग वीतभर काही नाही आणि एकदम दोन शेजारी शेजारी. साऱ्या कापडभर! तपासणारा नवीन होता, त्याचे डोळे कापडावर कमी आणि घड्याळावर जास्त. त्याच्या नजरेतून सुटलं असणार. आणि मागाच्या त्या डोळ्यांतूनही सुटलं! उपाशी माणसापुढे कुणी पंगत मांडावी तसं तिला झालं.

विहीणबाई चहा पिऊन आल्या तेव्हा मावशी कापडावर वाकली होती, आणि कोपर आडवं धरून ते झाकत होती. परीक्षेत हुशार मुलगी शेजारणीपासून उत्तरं झाकते, अगदी तसं.

"बरंच दिसतंय काम," विहीणबाई म्हणाल्या.

"आहे थोडं."

"द्या अर्धं."

"नको. जमेल माझं मला."

विहीणबाईंनी ओठ दुमडले आणि आपला तागा पुढे ओढला. काही दिवस त्या टेबलावर एक अक्षर नाही. पण मावशी गुणगुणत होती. धागा तोंडात धरून गुणगुणणं सोपं नव्हे. दुपारचा डबा ती सुई खाली न ठेवता एका हाताने खायची. मी म्हणालो, "मावशी, जरा डोळ्यांना विसावा द्या." तर म्हणाली, "भाऊ, महिनाअखेरीनंतर विसावाच आहे. नसला, तर याच्यामुळे नसेल." तिच्या मनात पक्कं होतं. काम पुरं करायचं आणि मग साहेबाला सांगायचं की तुमच्या मागाने सोडलं, तपासणाऱ्याने सोडलं, ते मी धरलं. आता सांगा, रफूचं टेबल लागतं की नाही?

शेवटी एका दुपारी तिने ते कापड माझ्या टेबलावर आणून टाकलं. तोंड असं फुललेलं, की लेकीच्या लग्नातही नव्हतं. मी कापड पसरलं. एकसंध, गुळगुळीत, नजर ठरू नये असं. तेवढ्यात साहेब आला. तोही खुशीत.

"आलं का ते? छान. उद्या दुपारी गिऱ्हाईक येतंय. घडी अशी घाला, की तुटक रेघा वर दिसतील. सगळी मजा त्या रेघांचीच आहे. डिझाइन करणाऱ्या बाईंनी मुद्दाम धागा मधे मधे सोडलाय, पावसाचे थेंब पुसल्यासारखा. मागाचे डोळे बंद करून विणायला लागलं, माहीत आहे? पुन्हा विणायचं म्हटलं तर माग रिकामा नाही."

माझे दोन्ही हात कापडावर होते. हातांखाली एकही रेघ नव्हती.

मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर साहेबाने माझ्या डोळ्यांत सगळं वाचलं असतं. मी म्हणालो, "हो साहेब, घालतो." आयुष्यात पहिल्यांदा मी बातमी असून गप्प बसलो. साहेब शीळ घालत निघून गेला.

मग मी वळलो. मावशी टेबलाला धरून उभी होती. चेहरा त्या कापडापेक्षा राखाडी. तोंडातला धागा खाली पडला होता.

विहीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या हातांची घडी घालून बसल्या. मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून आनंद सरकून गेला. मी पाहिला. माणूस आहे ती, विहीण तर आहेच आहे.

"काय केलंत हो हे?" त्या म्हणाल्या.

मावशीने कापड उचललं, टेबलावर नेलं, चिमटा घेतला आणि वाकली. उसवायचं. आपणच घातलेले धागे आपणच ओढून काढायचे, म्हणजे रेघा परत दिसतील. सोपं! पण कुठून ओढायचे? तिने कापड उजेडासमोर धरलं, तिरपं केलं, डोळ्यांशी नेलं. काही नाही. तिने स्वतःचं काम स्वतःपासूनच लपवून ठेवलं होतं. एका जागी अंदाजाने चिमटा घातला, तर मागाने विणलेला चांगला धागा ओढला गेला.

रफूचं काम उजेडाचं. दिव्याखाली रंग फसवतात, म्हणून ऊन उतरलं की त्या खात्यात सुया बंद. खिडकीतलं ऊन तेव्हा माझ्या टेबलापर्यंत आलं होतं, म्हणजे फार उरलं नव्हतं. आणि विहीणबाईंसमोर त्यांचा स्वतःचा तागा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत चढायचा. साहेबाने दोनदा बजावलं होतं.

मावशी पुन्हा चुकली. तिने डोळे पुसले. मदत मागेल तर ती मावशी कसली?

"डावीकडे," विहीणबाई म्हणाल्या.

मावशीने चिमटा हलवला.

"अजून डावीकडे. अहो, तुमची डावी बाजू कुठली ते तरी..." त्या उठल्या. खुर्ची मागे पडली. आल्या, डोळे मिटले आणि तर्जनी कापडावरून फिरवली. बोट थांबलं. "इथे. ओढा."

मावशीने ओढलं. बोटभर धागा अलगद बाहेर आला आणि खाली तुटकी रेघ उघडी पडली.

"तुम्हाला कसं कळतं?"

"इतकी वर्षं दुसरं काय केलंय मी? तुमची खोड काढण्यात बोट झिजलं माझं. इथे. ओढा. इथे."

"तुमचा तागा राहील."

"राहू दे. तुम्हाला नाचक्की होऊन काढलं, तर घरी सून मुसमुसत बसेल. मला रडकी सून नको. मुसमुसली की हात खारट होतो तिचा. इथे. अगं, इथे! कापड सरळ धर की!"

"धरते गं. तू बोट दाबू नकोस एवढं."

मी कान टवकारले. अगं? तू? पण दोघींना पत्ताच नव्हता. एकीचं बोट पुढे, दुसरीचा चिमटा मागे. साहेब फेरीला निघाला तेव्हा मी मधल्या वाटेत तागे घेऊन पडलो. म्हणजे मुद्दाम पडलो. या वयात तेही सोपं नव्हतं. साहेब मला उठवण्यात आणि मी कण्हण्यात वेळ गेला. ऊन उतरलं तेव्हा निम्मं कापड झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडायच्या आधी दोघी तिथे हजर. गिऱ्हाईकाची गाडी आत आली, तेव्हा मी शेवटची घडी घालत होतो आणि विहीणबाई शेवटच्या जागेवरचं बोट उचलत होत्या.

गिऱ्हाईकाला कापड आवडलं. रेघांवरून हात फिरवून ते म्हणाले म्हणे, "अगदी सहज जमल्यासारखं वाटतं." मला कुणीतरी पाणी द्या, असं झालं.

पण विहीणबाईंचा तागा गाडीत चढला नव्हता. गाडी तशीच गेली. साहेबाला बोलणी खावी लागली. आणि महिनाअखेरीला तो टेबलाशी आला, चष्मा पुसला आणि विहीणबाईंकडे न बघता म्हणाला, "निर्णय घेणं अवघड होतं. पण त्या दिवशी तागा राहिला. मावशी राहतील. तुम्ही पुढच्या महिन्यापर्यंत या."

मी विहीणबाईंच्या तोंडाकडे बघत होतो. आता बोलतील. ज्या बाईने सुनेच्या वरणापासून साहेबाच्या टायपर्यंत कशालाही सोडलं नाही, ती आता बोलणारच. त्या बोलल्या नाहीत. कात्री पिशवीत टाकली, सुया कापसाच्या छोट्या गादीत खोचल्या आणि म्हणाल्या, "बरं."

मावशी घरी गेली. नवऱ्याने तांब्या पुढे केला, म्हणाला, "राहिलीस ना? मग असं तोंड का?" तिने तांब्या घेतला आणि तसाच खाली ठेवला. संध्याकाळी लेक आली. म्हणाली, सासूबाईंनी घरी नोकरी गेल्याचं सांगितलं, पण का ते नाही सांगितलं. तुझं नावसुद्धा काढलं नाही. नुसते सगळे डबे खाली काढून घासत बसल्यात.

"काहीच नाही म्हणाल्या?"

"काही नाही."

नवरा सांगतो, ती त्यानंतर जेवली नाही. म्हणत राहिली, "बोलली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या. आता जन्मभर ही गप्प राहणार आणि जन्मभर मी ते ऐकणार."

सकाळी ती सुई हातात न घेता थेट साहेबाच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर तागे लावत होतो. तिथे तागे लावायची गरज नव्हती, पण दार अर्धं उघडं होतं आणि माझे कान पूर्ण.

तिने सगळं सांगितलं. पंगत मांडल्यासारखं वाटलं, तेही सांगितलं. मी पडलो तेही सांगून टाकलं, त्याची काही गरज नव्हती. साहेबाने चष्मा काढून पुसला.

"मावशी, हे मला का सांगताय? मला कधीच कळलं नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं. तिला कळलेलं आहे."

"त्यांनी मला सांगितलं असतं तर..."

"ती नाही सांगणार. तुम्ही ओळखत नाही तिला. टोमणा मारेल, चुगली नाही करणार."

"विचार करतो," साहेब म्हणाला.

त्या दिवशी दुपारपर्यंत मावशी पुढ्यात काम न घेता टेबलाशी बसली, समोर विहीणबाई. साहेब फेरीला आला तेव्हा तिने सुई उचलली नाही. हात मांडीवर. मला तेव्हा कळलं की बाई भ्यायची थांबली. साहेब आला, उभा राहिला. म्हणाला, "जागा एकच आहे, हे मला बदलता येत नाही. मग त्या राहतील. तुम्ही... पुढच्या महिन्यापर्यंत."

आता विहीणबाई बोलल्या. साहेब वळायच्या आत.

"उपकार परत करता काय? मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं."

"आगाऊ बाई! आता घरी सून रडली की सांगते तुम्हाला."

उरलेल्या महिन्यात मावशीने कसं काम केलं म्हणाल? आधी करायची तसंच. माग खात्यातली पोरं म्हणाली, "मावशी, आता कशाला जीव काढता? दोन टाके कमी घातले तर कोण विचारणार आहे?"

"ही विचारेल," मावशीने धाग्यानेच विहिणीकडे खूण केली.

आणि खरंच, बोट परत सुरू झालं होतं. आता मावशीने खडू पुसायच्या आधीच विहीणबाई यायच्या, डोळे मिटायच्या, फिरवायच्या. "खरखरतंय." मावशी उसवायची. टोमणे परत आले, त्यामुळे मलाही काम करायला हुरूप आला.

शेवटच्या दिवशी एकच तागा होता आणि त्यावर एकच खूण. मावशीने घाई केली नाही. विणून झालं, सुई ठेवली आणि फडकं ओलं केलं. विहीणबाई आल्या. बोट फिरलं. एका जागी ते थांबलं, श्वासभर, आणि पुढे सरकलं.

"नाही सापडत बाई," विहीणबाई म्हणाल्या.

"थांबलीस का?"

"कुठे थांबले?"

"थांबलीस. मी पाहिलं. यांनीही पाहिलं."

मला उगाच मधे ओढलं. मी घडीत तोंड घातलं.

"शेवटचा दिवस आहे गं," विहीणबाई हळू म्हणाल्या. "पुस तो खडू आणि चल."

मावशीने फडकं खाली ठेवलं. चिमटा घेतला. धागा ओढून काढला आणि सगळं पुन्हा उघडं केलं. कापडाच्या टोकातून नवा धागा घेतला, सुईत ओवला आणि वाकली. विहीणबाई शेजारी उभ्या राहिल्या, उजेड अडू नये म्हणून जरा बाजूला. भोंगा झाला. माणसं गेटकडे निघाली. खिडकीतलं ऊन उतरत होतं आणि ती एका धाग्याखालून, एका धाग्यावरून जात होती.

"बघ आता."

बोट फिरलं. परत फिरलं. तिसऱ्यांदा फिरलं, जोर देऊन. मी विहीणबाईंचं तोंड बघत होतो. त्या चिडल्या होत्या. खऱ्या चिडल्या होत्या.

"पुस," त्या म्हणाल्या.

मावशीने खडू पुसला आणि कापड माझ्याकडे सरकवलं. घडी घालताना मीही शोधलं, मला तरी कुठून सापडणार? दोघी गेटपर्यंत गेल्या. गेटाबाहेर पाय पडताच एकीने पदर सारखा केला, दुसरीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"उद्या चहाला या, विहीणबाई," मावशी म्हणाली.

"तुमच्या हातचा? बघते. साखर मी घेऊन येईन."